गोचीड, श्वान आणि इतिहास : भिवंडी तालुक्यातील कोन गावाच्या संदर्भात गोचिडजन्य श्वानरोगांचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

भारतातील गोचिडजन्य श्वानरोगांचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. त्यातील काही मूलभूत शोध याच देशातील कुत्र्यांच्या रक्तावर आणि त्यांच्या अंगावरील गोचिडींवर झालेल्या निरीक्षणांतून लागले. तथापि हे संशोधन कुत्र्यासाठी झाले नव्हते. मलेरियाची उकल, शिकारी श्वानकळपांचे रक्षण आणि पशुधनाचे अर्थकारण या त्यामागील प्रेरणा होत्या. गावात व रस्त्यावर राहणारे देशी कुत्रे या इतिहासात रोगी म्हणून फार उशिरा प्रवेशते. ठाणे जिल्ह्यातील कोन या बदलत्या गावाची पार्श्वभूमी घेऊन या विस्मृत इतिहासाची मांडणी प्रस्तुत निबंधात केली आहे.

बीजसंज्ञा : गोचीड, बबेसिया, एर्लिकिया, हिपॅटोझून, गावकुत्रे, पशुवैद्यक, कोन, भिवंडी.

प्रस्तावना

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत जुना मानला जातो. महाराष्ट्राच्या लोकजीवनात तर त्याला देवत्वाची किनार लाभलेली आहे. खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे, दत्तात्रेयाच्या चित्रात पायाशी चार कुत्री आहेत. घरातील उरलेली भाकरी दारच्या कुत्र्याला घालण्याची रीत आजही खेड्यापाड्यांत टिकून आहे. असे असूनही कुत्र्याच्या आजाराचा इतिहास मराठीत क्वचितच लिहिला गेला आहे. कुत्र्याविषयीची सार्वजनिक चर्चा सुरू होते ती पिसाळण्यापासून आणि संपते तीही तेथेच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रेबीज माणसाचा जीव घेतो, त्यामुळे त्याला प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. परंतु कुत्र्याचा स्वतःचा जीव घेणारे आणि त्याच्या अंगावरील गोचिडीतून पसरणारे रोग त्यामुळे दृष्टीआड राहिले.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, गोचिडजन्य श्वानरोगांच्या शोधाचा भारतातील कालक्रम मांडणे. दुसरे, या संशोधनामागील प्रेरणा व त्यांच्या मर्यादा तपासणे. तिसरे, या इतिहासाचा कोनसारख्या गावाच्या वर्तमानाशी असलेला संबंध स्पष्ट करणे. त्यासाठी प्रकाशित साधनांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कोन : भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

कोन हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गाव कल्याण–भिवंडी मार्गावर वसलेले आहे. खाडीच्या एका तीरावर कल्याणचा दुर्गाडी किल्ला, तर दुसऱ्या तीरावर कोन अशी त्याची भौगोलिक स्थिती आहे. इ.स. १६५७ मध्ये कल्याण–भिवंडी हा प्रदेश शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि कल्याणच्या खाडीकाठी मराठ्यांच्या आरमाराची पायाभरणी झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मीठ, मासळी, भात आणि लाकूड यांच्या व्यापाराने हा परिसर शतकानुशतके गजबजलेला होता. विसाव्या शतकात भिवंडीला यंत्रमागांनी ओळख दिली आणि शतकाच्या अखेरीपासून गोदामांनी तिचा चेहरामोहराच पालटला. २०११ च्या जनगणनेत कोनची नोंद ‘जनगणना शहर’ अशी झाली. याचा अर्थ असा की, लोकसंख्या, तिची घनता व व्यवसाय या निकषांवर गाव शहर झाले होते, पण कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच होता.

गोचिडीच्या दृष्टीने पाहिले असता अशी संक्रमणावस्थेतील वस्ती अत्यंत सोयीची ठरते. जुन्या गावठाणातील कौलारू घरे, त्यांना लागून उभ्या राहिलेल्या चाळी, नव्या इमारती, गोदामे, परिसरातील म्हशींचे तबेले, भातखाचरांचे उरलेले तुकडे आणि खाडीकाठची कांदळवने हे सारे थोड्या अंतरात एकत्र येते. तबेल्यातील जनावर, गावठाणातील कुत्रे, गोदामाच्या राखणीचे कुत्रे आणि इमारतीतील पाळीव कुत्रे यांच्यामध्ये माणसाने आखलेल्या सीमा गोचीड मानत नाही. ठाणे, मुंबई व नवी मुंबईच्या कांदळवनांत आजही सोनेरी कोल्हे आढळतात. श्वानकुळातील या वन्य प्राण्याचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध पुढे येईलच.

गोचिडीचे जीवनचक्र

रोगांच्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी रोगवाहकाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. गोचीड हा कीटक नव्हे, ती कोळ्यांच्या वर्गातील अष्टपाद आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाला सहा पाय असतात, पुढील शिशू व प्रौढ या अवस्थांत ते आठ होतात. प्रत्येक अवस्थेत तिला एकदा पोटभर रक्त लागते. कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणारी तपकिरी गोचीड, जिचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस असे आहे, ती तीन वेळा यजमानावर चढते व तीन वेळा खाली उतरते. मात्र तिन्ही वेळा तिची पसंती कुत्र्यालाच असते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जमिनीवर पडते, भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात किंवा लाकडी चौकटीच्या मागे शिरते आणि हजारो अंडी घालून मरते. कोकणच्या उष्ण व दमट हवेत हे चक्र काही आठवड्यांत पूर्ण होऊ शकते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा एकूण संख्येचा लहानसा भाग असतो, उरलेल्या भिंतीत आणि जमिनीत दडलेल्या असतात. त्यामुळे केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही. हेमॅफिसॅलिस बायस्पायनोसा ही दुसरी गोचीड गुरे, शेळ्या व कुत्री या सर्वांचे रक्त पिते. गोठा आणि उंबरठा यांना जोडणारा दुवा म्हणून तिचे महत्त्व आहे.

‘गोचीड रोग पसरविते’ या कल्पनेचा उदय

गोचीड हा शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला उपद्रव होता. तथापि ती रोगाचे बीज वाहून नेते, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८८८ मध्ये रुमेनियातील व्हिक्टर बाबेश यांनी गुरांच्या तांबड्या पेशींत सूक्ष्म परोपजीवी पाहिले. त्यांच्याच नावावरून पुढे ‘बबेसिया’ हे नाव रूढ झाले. १८९३ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ व फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमार्फत पसरतो हे प्रयोगांनी सिद्ध केले. संधिपाद प्राण्याच्या द्वारे अशा परोपजीवी रोगाचा प्रसार होतो याचा हा आरंभीचा निर्णायक पुरावा होता. रोनाल्ड रॉस यांनी भारतात डास व मलेरिया यांचा संबंध उलगडला तो त्यानंतर चार-पाच वर्षांनी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कुत्र्यांमधील अशा परोपजीवीचे वर्णन १८९५ मध्ये इटलीतील पियाना व गाली-व्हॅलेरियो यांनी केले. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी तेथील कुत्र्यांची घातक कावीळ गोचिडीतून पसरते हे दाखवून दिले. प्रश्न आता भारतापुढे होता. येथील कुत्र्यांत हा रोग कोणत्या गोचिडीने पसरतो?

मुंबई इलाख्यातील पशुवैद्यकाची पूर्वपीठिका

या प्रश्नाचे उत्तर मद्रासमध्ये शोधले गेले. परंतु मुंबई इलाख्यातील पशुवैद्यकाची परंपरा त्याहून जुनी आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने मोठा उठाव केला. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असल्याने शिपाई घरात शिरून पाळीव कुत्रीही पकडतात, अशी लोकांची तक्रार होती. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असल्याने हा केवळ मालमत्तेचा प्रश्न नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्याचा प्रश्न मारण्याने सुटतो की सांभाळण्याने, या आजच्या वादाची मुळे इतकी खोल गेलेली आहेत.

पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय स्थापन झाले आणि त्याच परिसरात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. जनावरांतील ‘सरा’ या रक्तपरोपजीवी रोगावर त्यांनी आधी काम केले होते. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. काही वर्षांतच ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ तेथे रुजले.

या सर्व संस्थांचा कल स्पष्ट होता. घोडा हा लष्कराचा कणा होता आणि बैल हा शेतीचा. पशुवैद्यकाचे शिक्षण व पगार या दोन प्राण्यांभोवती फिरत. परळच्या रुग्णालयात कुत्र्यांवर उपचार होत असले, तरी ते शहरात होते. खाडीपलीकडच्या गावातील कुत्रे तेथवर पोचण्याचा संभव फारसा नव्हता. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरसारख्या ग्रंथांत जनावरांचा विचार प्रामुख्याने उत्पादनाचे साधन म्हणून झालेला आहे. महसूल न देणाऱ्या प्राण्याला महसुली दप्तरात जागा नव्हती.

मद्रासचे पर्व : जेम्स, ख्रिस्तोफर्स व पॅटन

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील काही डॉक्टरांनी कुत्र्याच्या रक्ताकडे लक्ष वळविले. त्यांचा मूळ विषय माणसाचा मलेरिया होता. तांबड्या पेशीत वाढणारा आणि रक्त शोषणाऱ्या संधिपादातून पसरणारा परोपजीवी हे मलेरियाचे लक्षण कुत्र्याच्या रोगातही दिसत होते. कुत्रा सहज उपलब्ध होता आणि त्याच्यावर प्रयोग करता येत होते.

१९०५ मध्ये एस. पी. जेम्स यांनी भारतातील कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत आढळणाऱ्या एका परोपजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास बेंटली यांनीही त्याची नोंद केली. ‘ल्युकोसायटोझून कॅनिस’ असे त्याचे नामकरण झाले. आज हाच परोपजीवी ‘हिपॅटोझून कॅनिस’ या नावाने जगभर ओळखला जातो. त्याचा संसार इतर गोचिडजन्य परोपजीवींहून वेगळा आहे. तो गोचिडीच्या दंशातून शरीरात शिरत नाही, तर कुत्र्याने अंग चाटताना किंवा चावताना गोचीड गिळली असता शिरतो.

या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम रिकर्ड ख्रिस्तोफर्स यांचे होय. मद्रासजवळील गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटशी ते संबंधित होते. १९०७ मध्ये सरकारी शास्त्रीय ग्रंथमालेत त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकात त्यांनी ल्युकोसायटोझून कॅनिसची गोचिडीच्या शरीरातील वाढ वर्णिली, तर दुसऱ्यात ‘पायरोप्लाझ्मा कॅनिस’ या बबेसियाचे गोचिडीतील जीवनचक्र. तपकिरी गोचिडीने शोषलेल्या रक्तातून परोपजीवी तिच्या आतड्यात येतो, तेथे गदेच्या आकाराची हालचाल करणारी रूपे धारण करतो आणि पुढे अंड्यांत शिरतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हणजे गोचीड आपल्या संततीला रोगाचा वारसा देते. कुत्र्याला एकदाही न चावलेली, नुकतीच जन्मलेली गोचीडदेखील परोपजीवी बाळगून असू शकते, हा या शोधाचा अर्थ होता. एखाद्या अंगणातून आजारी कुत्रे नाहीसे झाले तरी रोग का नाहीसा होत नाही, याचे उत्तर त्यात दडलेले होते.

१९१० मध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी आणखी एका परोपजीवीची भर घातली. मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या श्वानकळपात त्यांना पूर्वीच्या बबेसियाहून आकाराने लहान असा परोपजीवी आढळला. पुढे तोच कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. त्याला त्यांनी ‘पायरोप्लाझ्मा गिब्सोनी’ असे नाव दिले. आज तो ‘बबेसिया गिब्सोनी’ म्हणून ओळखला जातो. या नोंदीचा सामाजिक अर्थ रोगशास्त्राइतकाच बोलका आहे. इंग्लंडमध्ये खोकडाची शिकार होई, भारतात त्याची जागा येथील सोनेरी कोल्ह्याने घेतली. उटी, मद्रास, पुणे-खडकी अशा ठिकाणी गोऱ्या अधिकाऱ्यांचे श्वानकळप होते आणि त्यांत विलायतेहून आणलेल्या कुत्र्यांचा भरणा असे. ज्या प्राण्याच्या मागे हे कळप धावत, त्याच्याच रक्तात त्यांच्या आजाराचे बीज होते आणि दोघांमध्ये गोचीड दुवा होऊन बसली होती.

रोगवाहकाचा वाद आणि संशोधनाचे भारतीयीकरण

बबेसिया गिब्सोनी कोणती गोचीड पसरविते, हा प्रश्न पुढील पंचवीस वर्षे चर्चेत राहिला. मुक्तेश्वर येथील संस्थेत काम करणाऱ्या एस. के. सेन यांनी १९३० च्या दशकात तपकिरी गोचिडीच्या दिशेने पुरावा मांडला. १९३७ मध्ये स्वामिनाथ व शॉर्ट यांनी हेमॅफिसॅलिस बायस्पायनोसा ही गोचीड वाहक असल्याचे दाखविले. हा वाद केवळ पांडित्याचा नव्हता. रोग जर केवळ कुत्र्यांवर जगणाऱ्या गोचिडीने पसरत असेल, तर उपाय कुत्र्याच्या घरापुरता मर्यादित ठेवता येतो. तो गुरांवरही जगणाऱ्या गोचिडीने पसरत असेल, तर गोठा वगळून चालत नाही.

या पर्वाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे भारतीय संशोधकांचा उदय होय. आधीच्या पिढीतील कर्ते हे लष्करी पदवी धारण करणारे ब्रिटिश डॉक्टर होते. शेतीविषयक शाही आयोगाच्या १९२८ च्या अहवालानंतर कृषी संशोधनाची अखिल भारतीय परिषद आकारास आली, पशुविज्ञानाला वाहिलेली नियतकालिके निघाली आणि भारतीय पशुवैद्यांना आपले निष्कर्ष मांडण्यासाठी व्यासपीठ मिळाले. १९४४ मध्ये मुदलियार यांनी दक्षिण भारतातील कुत्र्यांमधील रिकेट्सियाजन्य रोगाची नोंद केली, ती अशाच नियतकालिकात.

या रोगाचा मूळ शोध १९३५ मध्ये अल्जीरियात डोनाटियन व लेस्टोक्वार्ड यांनी लावला होता. बबेसिया तांबड्या पेशींत वाढतो, तर हा जंतू पांढऱ्या पेशींत. त्याला आज ‘एर्लिकिया कॅनिस’ म्हणतात. प्रारंभी ताप व मरगळ, मग काही काळ वरवर बरे वाटणे आणि अखेरीस रक्तातील सर्व पेशी घटून नाकातून रक्त वाहणे, असा त्याचा दगाबाज प्रवास असतो. व्हिएतनाम युद्धात १९६८ ते १९७० या काळात अमेरिकी लष्कराची शंभराहून अधिक प्रशिक्षित कुत्री या रोगाने दगावली. तेव्हा कोठे त्यावर मोठ्या प्रमाणात संशोधन सुरू झाले. शिकारी कळपांच्या बाबतीत जे मद्रासमध्ये घडले, तेच लष्करी कुत्र्यांच्या बाबतीत आग्नेय आशियात घडले. ज्या कुत्र्याची किंमत मोजली जाते, त्याचाच आजार मोजला जातो.

उपचारांचा इतिहास

१९०९ मध्ये केंब्रिज येथील नटॉल व हॅडवेन यांनी ट्रायपॅन ब्लू हे निळे रंगद्रव्य बबेसियाच्या संसर्गावर गुणकारी असल्याचे दाखविले. परोपजीवी निष्प्रभ होत, पण जनावराचे मांस व श्लेष्मल त्वचा निळसर होत असे. शिवाय मोठ्या आकाराच्या बबेसियावर चालणारे हे औषध बबेसिया गिब्सोनीवर मात्र फारसे चालत नसे. १९५० च्या दशकात डायमिनाझीन आले, त्यानंतर इमिडोकार्ब. एर्लिकियावर टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे व विशेषतः डॉक्सिसायक्लिन परिणामकारक ठरले. मात्र बबेसिया गिब्सोनी आजही चिवट आहे. उपचाराने कुत्रे सावरते, तरी परोपजीवी रक्तात अल्प प्रमाणात दबा धरून राहू शकतो.

गोचीडनाशकांचा प्रवासही असाच आहे. आर्सेनिकचे द्रावण, डीडीटी, गॅमेक्सीन, मग सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्ये, अमिट्राझ, पायरेथ्रॉइड, फिप्रोनिल आणि २०१३ नंतर तोंडावाटे देण्याच्या आयसोऑक्साझोलिन वर्गातील गोळ्या अशी ही मालिका आहे. प्रत्येक नवे औषध आधीच्याहून अधिक सोपे आणि बहुधा अधिक महाग होते. ज्याचा मालक ते विकत घेऊ शकतो, अशा कुत्र्यापर्यंतच ते पोचले.

देशी व विलायती : सहनशीलतेचा प्रश्न

या रोगांच्या इतिहासात एक सूत्र पुन:पुन्हा दिसते. परोपजीवी येथील प्राण्यांत आधीपासून नांदत असतो, बाहेरून आणलेला प्राणी त्याला बळी पडतो आणि मग रोगाचा ‘शोध’ लागतो. मद्रासच्या श्वानकळपाचे उदाहरण वर आलेच आहे. महाराष्ट्रातील गुरांच्या बाबतीतही हेच घडले. १९६० च्या दशकापासून उरुळीकांचन येथील ‘बाएफ’सारख्या संस्थांनी व शासनाने संकरित गाईंचा प्रसार केला. दूध वाढले, पण देशी गाईच्या तुलनेत संकरित गाय थायलेरियासारख्या गोचिडजन्य आजारांना अधिक बळी पडते, असा अनुभव आला. शेतकऱ्यांत ‘गोचीडताप’ हा शब्द रुळला तो मुख्यतः या गाईंमुळे.

कल्याण–भिवंडी परिसरात आज तोच प्रयोग कुत्र्यांवर नकळत चालू आहे. नव्या इमारतींतून लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड व इतर विलायती जातींची कुत्री आली. त्यांच्या आजाराचे खापर अनेकदा इमारतीखालच्या गावकुत्र्यांवर फोडले जाते. हे अर्धसत्य आहे. गावकुत्रे परोपजीवीचे आश्रयस्थान असू शकते हे खरे, पण ते निरोगी असते असे मात्र नव्हे. लहानपणीच संसर्ग होऊन जी पिले जगतात, त्यांच्यात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण होते. जी जगत नाहीत, त्यांची नोंद कोणी करीत नाही. गावकुत्र्याची ‘काटक प्रकृती’ म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यामागे न मोजलेल्या मृत्यूंची किंमत असते.

गावकुत्र्याचा शास्त्रीय नोंदीत प्रवेश

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख या चार ठिकाणच्या ५२५ भटक्या व आश्रयगृहातील कुत्र्यांचे रक्त तपासण्यात आले. सूक्ष्मदर्शकाखाली फारच थोड्या कुत्र्यांत परोपजीवी दिसले. परंतु जनुकीय तपासणीत सुमारे ३० टक्के कुत्र्यांमध्ये हिपॅटोझून आणि सुमारे २० टक्के कुत्र्यांमध्ये एर्लिकिया आढळला. जेम्स यांनी १९०५ मध्ये वर्णिलेला परोपजीवी एका शतकानंतर भारतीय कुत्र्यांच्या रक्तात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असल्याचे सिद्ध झाले. काचपट्टीवर रक्त पसरून पाहण्याची जी पद्धत शंभर वर्षे प्रमाण मानली गेली, तिच्या नजरेतून बहुतेक संसर्ग निसटत होते, हेही यातून कळून आले. आजही तालुका पातळीवरील तपासणी अनेकदा काचपट्टीवरच अवलंबून असते, म्हणून या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे.

दुसरा प्रवेश गणनेतून झाला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रातील सुमारे १२ लाख ७६ हजार नोंदविली गेली. तिसरा प्रवेश कायद्यातून झाला. २००१ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण व रेबीज लसीकरणाचा मार्ग स्वीकारला आणि २०२३ च्या नियमांनी अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा दिली. वाड्यावस्त्यांच्या भाषेत जे ‘गावकुत्रे’ होते, त्यालाच कायद्याने दोन शतकांच्या फेऱ्यानंतर नवे नाव दिले. तथापि या साऱ्या व्यवस्थेचा भर जन्म आणि रेबीज या दोन बाबींवर आहे. शस्त्रक्रियेसाठी पकडलेल्या कुत्र्याच्या अंगावरील गोचीड काढणे व रक्ताचा थेंब तपासणे हे त्याच वेळी अल्प खर्चात शक्य असते. एर्लिकियाने रक्त गोठण्याची क्षमता घटलेल्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असल्याने ते त्या कुत्र्याच्या जिवासाठीही आवश्यक ठरते.

मानवी आरोग्याशी संबंध

गोचिडीचा प्रश्न केवळ कुत्र्यापुरता नाही. कुत्र्यांतील बबेसिया माणसाला सहसा बाधत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण अज्ञानातून निर्माण होणारी भीती कुत्र्याच्या जिवावर उठते. परंतु तपकिरी गोचीड काही रिकेट्सियांची वाहक आहे. १९१७ मध्ये मेगॉ यांनी कुमाऊँमध्ये गोचीड चावल्यानंतर आलेल्या टायफससदृश तापाचे वर्णन केले होते. १९८४ मध्ये पद्बिद्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील गोचिडजन्य रिकेट्सिया रोगांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. गोचिडीमुळे पसरणारा क्यासनूर जंगल रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात आढळला होता. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोचला आणि ‘माकडताप’ या नावाने परिचित झाला. तो कुत्र्यांच्या गोचिडीचा रोग नाही. पण गोचिडींकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत अखेरीस माणसालाही मोजावी लागते, हे त्याने महाराष्ट्राला दाखवून दिले.

निष्कर्ष

१. भारतातील कुत्र्यांच्या गोचिडजन्य रोगांचे ज्ञान १९०५ ते १९३७ या काळात मोठ्या प्रमाणावर येथेच निर्माण झाले. हिपॅटोझून व बबेसिया गिब्सोनी या दोन परोपजीवींचे मूळ वर्णन भारतीय भूमीवरील आहे.

२. या संशोधनाची प्रेरणा मलेरिया, शिकार व पशुधन ही होती. त्यामुळे ज्ञान निर्माण झाले, पण गावकुत्र्यासाठी सेवा निर्माण झाली नाही. गावकुत्रे या इतिहासात परोपजीवीचे पात्र म्हणून येते, रोगी म्हणून नव्हे.

३. मुंबई इलाख्यात पशुरुग्णालय व पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा लवकर रुजली असली, तरी तिचा लाभ शहर व उपयुक्त जनावरे यांच्यापुरता सीमित राहिला.

४. गोचीड कुत्र्याच्या अंगाइतकीच भिंतीत व जमिनीत राहते, हे १९०७ पासून ज्ञात असलेल्या तत्त्वांतून निघणारे सत्य आहे. म्हणून कुत्री उचलून नेणे हा गोचिडीवरील उपाय ठरत नाही. घर, गोठा, गोदाम आणि कुत्रा यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.

५. कोनसारख्या गाव व शहर यांच्या सीमेवरील वस्तीत ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना, तबेलेचालक, गोदाममालक आणि गृहनिर्माण संस्था यांची जबाबदारी परस्परांत अडकलेली आहे. श्वान निर्बीजीकरणाच्या वेळीच गोचीडनियंत्रण व रक्ततपासणीची जोड दिल्यास या जबाबदारीला प्रत्यक्ष रूप येऊ शकेल.

खाडीच्या एका तीरावर दुर्गाडीचा इतिहास जपला जातो. दुसऱ्या तीरावरील कोनच्या दारात पहुडलेल्या कुत्र्याचा इतिहास मात्र अलिखित राहिला. ज्या प्राण्याच्या रक्तातून वैद्यकाला इतके ज्ञान मिळाले, त्या ज्ञानाचा काही अंश त्याच्या वाट्याला यावा, एवढी अपेक्षा या इतिहासाच्या अभ्यासातून निश्चितच व्यक्त करता येते.